अख्खं माणूस मावेल अशी खिडकी

आत्या दुकानाच्या फरशीवर आडवी झाली तेव्हा दुकानदाराला वाटलं, बाईंना चक्कर आली.

"अरे, पाणी आणा कुणीतरी!" तो ओरडला.

"पाणी नको," आत्या खालूनच म्हणाली. "तू जरा बाजूला सरक. माझा हात पोचतो का बघू दे."

उतरत्या छपराला लावायच्या खिडक्यांचं ते दुकान होतं. गिऱ्हाइकांना नमुना दिसावा म्हणून एका कोपऱ्यात लाकडाचं खोटं छप्पर तिरकं उभं केलं होतं आणि त्यात निरनिराळ्या खिडक्या बसवल्या होत्या. आत्या एकेका खिडकीखाली जाऊन निजत होती, मग कोपरावर अर्धवट उठून डावा हात वर ताणत होती. तिचं डावं मनगट वाकडं आहे. तो हात वर गेला की झाडाच्या फांदीसारखा मध्येच दिशा बदलतो.

"मावशी, उजव्या हाताने बघा ना. सोपं जाईल," दुकानदार म्हणाला.

"उजवा मोकळा असेलच असं नाही."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

आत्या ताडपत्र्या शिवते. ट्रकवर टाकायच्या, मालावर झाकायच्या, मांडवाच्या. घराचा खालचा पुढचा भाग म्हणजे तिचं कामाचं ठिकाण. तिथे तिचं पायाने चालवायचं अवजड मशीन आहे. ते सुरू झालं की समोरच्या घरातली भांडीसुद्धा थरथरतात. शिकायला म्हणून मी तिच्याकडे राहायला आले आणि ताडपत्रीच्या कडेला पितळी रिंगा ठोकायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. आत्याच्या हाताला मेण लावलेल्या दोऱ्याचा वास कायम असतो. तिच्या जिभेला टाका घालील अशी सुई मात्र अजून निघालेली नाही. एकदा एक ट्रकवाला शिवण उसवली म्हणून भांडायला आला. ती म्हणाली, "शिवण माझी आहे, ओढाताण तुझी आहे. घरी बायकोचं ऐकत नाहीस, निदान ताडपत्रीचं ऐक." तो हसत गेला आणि दुसऱ्या दिवशी आणखी काम घेऊन आला.

आतोबा, म्हणजे तिचे यजमान, कुलपं दुरुस्त करायचे. किल्ली हरवलेली कुठलीही पेटी त्यांच्यापुढे ठेवली की ते कान लावून बसत आणि पेटी त्यांना सगळं सांगून टाकी, असं लोक म्हणत. बाहेर त्यांचा आवाज कधी चढला नाही. घरातही नाही. ते फक्त जेवून उठत, हात पुसत, बाह्या दुमडत आणि म्हणत, "वर चल."

वर म्हणजे जिन्यावरची, छपराखालची खोली. एका बाजूला माणूस ताठ उभं राहू शकतं, दुसऱ्या बाजूला छप्पर उतरत उतरत जमिनीशी येतं. भिंतींना एकही खिडकी नाही. आतोबा दाराला आतून कडी घालत. कडी त्यांनी स्वतः बनवलेली, अगदी आवाज न करणारी. आणि खाली आत्याच्या सासूबाई मशीनवर येऊन बसत.

त्यांना शिवता येत नव्हतं. सुईत दोराही नसायचा. एका चिंधीला भोकं पाडत त्या नुसते पाय हलवत राहायच्या. वर जे काही होई ते मशीनच्या खडखडाटात बुडून जाई. गल्लीतले लोक म्हणत, कामसू आहे हो सून, दुपारीसुद्धा पाठ टेकत नाही.

"खोटं नव्हतं ते," आत्याने मला एकदा सांगितलं. "पाठ टेकायची सोयच नव्हती."

त्या खोलीत उजेडासाठी छपरात एक काचेचं कौल होतं. एकच. बाकी कौलांसारखंच, फक्त काचेचं. आत्या खाली पडलेली असली की तिला ते बरोबर डोळ्यांसमोर दिसे. कधी त्यावरून कबुतर चालत जाई आणि त्याच्या पायांचे तळवे आतून दिसत. मी उजेडाबद्दल काही बोलले तेव्हा ती म्हणाली, "उजेडाचं कौतुक मला सांगू नकोस. त्या उजेडाने त्यांना माझं तोंड कुठे आहे ते दिसायचं."

एका दुपारी तिने ताडपत्री मापायची लाकडी पट्टी उचलून ते कौल फोडलं. आतोबा एक पाऊल मागे सरले तेवढ्यात तिने त्या भोकातून हात बाहेर काढला. हातच तेवढा मावला. कोपरापर्यंत काचेने सोलून निघाला, पण तिने तो छपरावर जिवाच्या आकांताने हलवला. शेजारच्या गच्चीवर घड्याळवाला उभा होता. त्याचं घर आमच्याला लागूनच आहे. आमचं छप्पर जिथे संपतं तिथून त्याची गच्ची सुरू होते. त्याने छपरातून आलेला हात पाहिला. खालून मशीनचा आवाज येत होता, म्हणजे घरात सगळं ठीक होतं. कौलं शाकारायला कुणी वर गेलं असेल, असं त्याला वाटलं. ओळख दाखवावी म्हणून त्यानेही हात हलवला.

मग आतोबांनी तिचा हात आत ओढला आणि मनगट धरून उलटं फिरवलं. काडी मोडावी तसा आवाज झाला, असं ती सांगते. डॉक्टरांपुढे सासूबाईच आधी बोलल्या, "जिन्यावरून पडली." आत्याने मान हलवली. पुढे त्या जिन्यावरून ती इतकी वेळा पडली की डॉक्टर एकदा वैतागून म्हणाले, अहो, जिना दुरुस्त तरी करून घ्या.

आतोबा तापाने गेले. लोक भेटायला आले तेव्हा आत्या माझ्या बाबांच्या कानात म्हणाली, "जन्मभर मला वर नेलं, शेवटी एकटेच गेले." बाबांना हसू आवरेना. तोंडाला रुमाल लावून ते बाहेर गेले आणि लोकांना वाटलं, मेहुण्यावर काय जीव होता.

वरच्या खोलीत पुढे ताडपत्र्यांचे गठ्ठे राहिले. आत्याच्या मुलाचं लग्न झालं तेव्हा ते हलवून खोली त्या दोघांना दिली. हा मुलगा म्हणजे माझा दादा. टायरचं दुकान चालवतो, मला परीक्षेला गाडीवर सोडतो, आईच्या पायांना तेल लावतो. वहिनी रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. पहिल्याच आठवड्यात ती आत्याला म्हणाली, "आई, मला कुणाचीही शीर सापडते, तुमच्या लेकाची काही सापडत नाही." आत्या इतकी हसली की सुई बोटात गेली. दोघींचं जमलं ते तिथून.

ती शीर पुढे आम्हा सगळ्यांनाच सापडली. जेवताना वहिनी म्हणाली की पुढच्या महिन्यापासून तिला सकाळची पाळी घ्यावी लागेल. दादा म्हणाला, मला न विचारता? ती म्हणाली, विचारतेच आहे की. यात चिडण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. ताट भिंतीवर जाऊन आपटलं. वहिनीच्या केसांत भाताची शितं उडाली. दादा उठला. त्याने हात पुसले, बाह्या दुमडल्या आणि अगदी हळू म्हणाला, "वर चल."

त्याने ते शब्द कधी, कुठे ऐकून ठेवले होते कोण जाणे. आवाजसुद्धा तोच होता, असं आत्या नंतर म्हणाली.

आत्या आधीच मशीनवर जाऊन बसली होती. मी रिंगा घेऊन तिच्या पायाशी बसले होते. वर दार लागलं. मशीन सुरूच होतं. मी एक रिंग ठोकली, दुसरी ठोकली, आणि सहज मान वर केली तर सुईत दोरा नव्हता. तो कधीच तुटून खाली लोंबत होता. सुई एकाच जागी खालीवर होत होती, ताडपत्रीला भोकांची रांग पडत चालली होती आणि आत्या छताकडे बघत पाय हलवत होती.

"आत्या," मी म्हणाले, "दोरा तुटलाय."

तिने खाली पाहिलं. स्वतःच्या पायांकडे अशी बघत राहिली जसं काही ते दुसऱ्याच कुणाचे असून आपल्या घरात शिरलेत. पाय थांबले. मशीन थांबलं. आणि वरचा आवाज ऐकू आला. कणीक आपटावी तसा, आणि मध्ये मध्ये श्वास.

ती जिना चढून दारावर धडका देत राहिली. आतून कडी होती. दार उघडलं तेव्हा दादा घामाने निथळत होता, वहिनी उतरत्या कोपऱ्यात, छप्पर जमिनीला टेकतं तिथे दुमडून बसली होती. खालचा ओठ मधोमध फाटला होता. आत्याने दादाच्या मुस्कटात मारली. त्याने ती खाल्ली, दुसरीही खाल्ली, आणि मग लहान मुलासारखा रडायला लागला.

"वर कोंदट होतं गं आई. पत्र्यासारखं तापतं सगळं. डोकं फिरलं माझं."

संध्याकाळी आत्याने वहिनीपुढे तिची बॅग आणून ठेवली. "जा तू. मी सांगते म्हणून जा."

"एकदाच झालंय आई," वहिनी ओठावरचा बर्फ सरकवत म्हणाली. "मी बघते."

"माझंही एकदाच होतं," आत्या म्हणाली. "पुष्कळ वेळा एकदाच."

पण वहिनी गेली नाही. दादा चार जणांत चांगला वागत होता, फुलं आणत होता, आणि खोलीत उजेड-वारा आला की सगळं सुरळीत होईल या कल्पनेने तो झपाटला होता. त्या फुटलेल्याच्या जागी बसवलेलं काचेचं कौल काढू, तिथे मोठ्या दोन काचा बसवू. पक्क्या. उघडझाप नको, म्हणजे पाणी गळायची भानगड नको.

"बसव की," आत्या म्हणाली. "पण घर माझं आहे. खिडकी मी निवडणार."

म्हणून आम्ही त्या दुकानात होतो.

दुकानदार भला माणूस. त्याने आत्याला उठायला हात दिला आणि धंद्याचा प्रश्न विचारला. "मावशी, आधी एक सांगा. खिडकी उजेडासाठी हवी की वाऱ्यासाठी?"

"माणसासाठी."

"म्हणजे हो?"

"म्हणजे माणूस बाहेर पडायला."

"अच्छा, आग वगैरे लागली तर!" त्याचा चेहरा उजळला. "बरोबर आहे. हल्ली लोक तो विचारच करत नाहीत."

"आगच समज," आत्या म्हणाली.

त्याने पहिली दाखवली ती पक्की काच. हातोडी घेऊन दणकन मारली. काच हूं की चूं नाही. "हत्ती नाचवा."

"फुटतच नाही?"

"नाही!"

"मग हिचा काय उपयोग?" आत्या पुढे सरकली.

दुसरी मधोमध फिरणारी. वरचा भाग आत येतो, खालचा बाहेर जातो. पुसायला सोपी, सगळीकडे हीच खपते, असं तो म्हणाला. मूठ वरच्या कडेला. आत्याने तिच्याखाली निजून हात वर केला, मूठ कुठच्या कुठे राहिली. मग उठून उघडलेल्या खिडकीत डोकं घातलं. मध्ये आडवी आलेली काच तिच्या छातीशी अडकली.

"ही अर्ध्या माणसाची आहे," ती म्हणाली. "मला अर्धं बाहेर पडून झालंय."

तिसरी. काच पहिलीसारखीच न फुटणारी, असं तो म्हणाला. बिजागऱ्या वरच्या कडेला, मूठ खालच्या. खालून ढकलली की अख्खी काच पेटीच्या झाकणासारखी बाहेर उचलली जायची. आत्या निजली. कोपरावर उठली. वाकड्या मनगटाचा हात वर गेला, बोटं मुठीला टेकली, मूठ फिरली आणि खिडकी निःशब्द उघडली. आत्या त्या भोकातून वर उठत गेली. डोकं, खांदे, पोट. खोट्या छपरावर ती जाडजूड बाई कमरेपर्यंत बाहेर येऊन उभी राहिली आणि दुकानातल्या दिव्यांकडे, पंख्यांकडे, आमच्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता ती काहीतरी विनोद करील. तिने केला नाही.

"ही," ती म्हणाली. "आणि जमिनीपासून जेवढी खाली बसवता येईल तेवढी खाली."

"कमरेच्या उंचीला बसवतात मावशी. पोरंबाळं पडतील."

"पोरंबाळं नाहीत अजून. मोठी माणसंच पडतात आमच्याकडे."

"बरं. पण हिची एक अडचण आहे. पूर्ण उघडली की मूठ लांब जाते, बंद करताना तुमचा हात पोचणार नाही. मुठीला काहीतरी बांधावं लागेल ओढायला."

"ते माझं काम," आत्या म्हणाली. घरी येऊन तिने ताडपत्रीच्या कडेला लावतात तो जाड पट्टा घेतला, दुमडून दुहेरी केला आणि त्याच्यावर उभे-आडवे टाके घातले. ट्रक लोंबकळला असता त्याला.

मिस्त्रीने कौलं काढून वासे कापले, चौकट बसवली. आकाशाचा एवढा मोठा तुकडा त्या खोलीने पहिल्यांदाच पाहिला असेल. दादा दुकानातून आला आणि बघतच राहिला. "ही कसली खिडकी? गुडघ्याशी मूठ? दुकानदाराने गंडवलं तुला."

"तुझ्या बापाची उंची तुला मिळालीय," आत्या म्हणाली, "बाकीच्यांना नाही."

पट्ट्याकडे, मुठीकडे, जमिनीकडे त्याची नजर फिरली. त्याला कळलं, हे मला त्याच्या मानेवरून दिसलं. पण तो "चहा टाका" म्हणाला आणि खाली गेला. त्याच्या पाठोपाठ आत्याने मिस्त्रीकडून पेचकस घेतला आणि दाराची आतली कडी स्क्रू काढून कमरेला खोचली.

"दार उघडं राहील, पण दारात तो उभा असतो," तिने वहिनीला सांगितलं. "खाली मशीन बंद झालं की समज, मी जिन्यात आहे. तू वाट बघू नकोस. तू वरून जा."

वहिनी कसनुशी हसली. "आई, तुम्ही मला मांजर बनवणार."

"मांजर बरी. ती जिन्यावरून पडत नाही."

बरेच दिवस काही झालं नाही. खोलीत खरंच वारा यायला लागला. वहिनीने सकाळची पाळी घेतली. मला वाटायला लागलं की दादाचं म्हणणंच बरोबर होतं, कोंदट खोलीचा दोष होता.

मग एका दुपारी दुकानात त्याचं कुणाशी तरी वाजलं होतं आणि वहिनीला लॅबमधून यायला उशीर झाला. तो जेवलाच नाही. ती चपला काढत होती तेवढ्यात त्याने तिचा दंड धरला. बाह्या दुमडल्या नाहीत, "वर चल" म्हणाला नाही, ओढतच नेलं. जिन्यात तिचं डोकं कठड्यावर आपटलेलं मी ऐकलं.

आत्या मशीनवर होती. तिने पाय उचलले.

त्या गल्लीत दुपारी एवढी शांतता असते हे मला माहीतच नव्हतं. वरचा एक एक फटका सुटा ऐकू आला. मग जमिनीवर काहीतरी जड पडलं. दादा काहीतरी विचारत होता, तेच तेच, उत्तराला न थांबता. आत्या मापायची पट्टी घेऊन जिना चढत होती, मी तिच्या मागे. अर्ध्यात पोचलो आणि मुठीचा खट् असा आवाज आला.

खोलीत शिरलो तेव्हा वहिनी पूर्ण बाहेर होती. नाकातून आलेलं रक्त चौकटीवर पसरलं होतं. दादा खिडकीतून उजवा हात खांद्यापर्यंत बाहेर घालून तिचा पाय घोट्याशी पकडून होता आणि आत खेचत होता. ती दुसऱ्या पायाने त्याच्या बोटांवर लाथा मारत होती. बाहेर एक कौल सुटून घरंगळत खाली गेलं आणि फुटलं.

"सोड तिला," आत्या म्हणाली.

त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

आत्याने पट्टी त्याच्या पाठीत घातली. पट्टी मोडली. तो हलला नाही. वहिनी हातभर खिडकीकडे ओढली गेली, पाय मात्र अजून चौकटीबाहेर होता.

तेव्हा आत्याने पट्टा पकडला. दोन्ही हातांना एकेक वेढा दिला आणि पाय उचलून, सगळं वजन टाकून ती खाली बसली.

ती काच फुटत नाही. दुकानदाराने खरं तेच सांगितलं होतं. दादाचा हात कोपराखाली चौकटीत सापडला आणि मोडला. तो आवाज आत्याला ओळखीचा होता. तिने डोळे मिटले, पण पट्टा सोडला नाही. दादाची बोटं उघडल्याचं तिने माझ्याकडून वदवून घेतलं, तेव्हाच सोडला.

काचेपलीकडे वहिनी छपरावर चार पायांवर होती, मांजरीसारखीच. गच्चीवर घड्याळवाला उभा होता, आता पार म्हातारा. मशीन अचानक थांबलं म्हणून बघायला वर आलो, असं तो पुढे सगळ्यांना सांगत होता. तो कठड्यावर पोटावर पालथा झाला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले. वहिनीने ते धरले.

दादा जमिनीवर बसून स्वतःच्या हाताकडे बघत होता. "आई," तो म्हणाला, "आई गं." आत्याने त्याचा हात मांडीवर घेतला, मोडलेल्या पट्टीचे दोन तुकडे दोन बाजूंना ठेवले आणि स्वतःचा पदर फाडून बांधला. गाठ नीट बसली.

दवाखान्यात डॉक्टर नवीन होते, तरुण. "कसं झालं हे?"

दादाने मान खाली घातली. "जिन्यावरून—"

"जिन्यावरून कुणी पडलेलं नाही," आत्या म्हणाली. "आमच्या घरात जिन्यावरून कधीच कुणी पडलेलं नाही. हात मी मोडला. आता का मोडला ते विचारा. पोलीस विचारतील, त्यांनाही सांगते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आत्या सांगायला लागली, काचेच्या कौलापासून.

वहिनी परत आली नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या भावाचा फोन आला, की ती अनवाणीच आलीय, तिच्या चपला तेवढ्या पाठवा. आत्याने मला पाठवलं नाही. स्वतः गेली. जिन्याच्या पायथ्याशी राहिलेल्या त्या चपला पुसून, कापडात गुंडाळून, छातीशी धरून ती गल्लीतून चालत गेली. जाताना तिने मला एकच काम सांगितलं, वरची खिडकी उघडी ठेव.